बावन्न पुस्तकं आणि एक चौथी सीट

गेल्या संक्रांतीला मोठ्या जाऊबाई नाशिकहून आल्या आणि हातावर तिळगूळ ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, यंदा मी बावन्न पुस्तकं वाचणारेय. आठवड्याला एक. तू?"

आमच्या घरात वहिनींच्या या "तू?"ला वीस वर्षांचा इतिहास आहे. त्यांनी ओव्हन घेतला, "तू?" त्या चारधामला जाऊन आल्या, "तू?" तेव्हा रोज डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत लटकत जाणारी बँकेतली बाई मी, तोंडातला तिळगूळ न गिळताच म्हणाले, "मी पण." जानेवारीचे दोन आठवडे तोवर उलटले होते. म्हणजे बोहल्यावर चढतानाच मी दोन पुस्तकांनी मागे.

सुरुवात सोपी म्हणून 'श्यामची आई'ने केली. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली हे पुस्तक बहुतेक सगळं पाच दिवसांत लिहिलं. त्यांनी पाच दिवसांत लिहिलं तर आपण सात दिवसांत वाचू, असा माझा हिशेब. पण त्यांना लोकलमध्ये उभं राहायचं नव्हतं. पाय मळू नयेत म्हणून जपतोस तसं मन मळू नये म्हणूनही जप, असं आई श्यामला सांगते तिथे मला ठाण्याच्या अलीकडे जे रडू आलं, ते थांबेना. चौथ्या सीटवरची बाई मटार सोलायची थांबली. "कोण गेलं हो?" म्हणाली आणि उठली. मी बसले. आई पुस्तकातलीच आहे, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडून त्याच बाईसमोर उभी राहिले आणि पुन्हा बसायला मिळालं. मन मळू नये म्हणून जपण्याच्या पानावर मी आठवडाभर बसून प्रवास केला, याची नोंद कुठेतरी होत असणार.

पुढचं भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला'. हे पुस्तक अंगात येतं, याची कुणी पूर्वसूचना देत नाही. त्यातल्या पांडुरंग सांगवीकरचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' तिसऱ्याच दिवशी माझ्या काउंटरवर आलं. "आजोबा, उदाहरणार्थ पासबुक आणलंय वगैरे?" आजोबा म्हणाले, "उदाहरणार्थ नाही, खरंच आणलंय." मॅनेजरसाहेबांनी रजा घ्यायला सुचवलं. नेमाड्यांनी ही कादंबरी पंचविशीत लिहिली, 1963 साली ती आली. मी पन्नाशीला टेकलेय. या वयात हा ताप बराच दिवस उतरत नाही.

त्यावर उतारा म्हणून 'मृत्युंजय' घेतलं आणि दुखणं वाढलं. पंधरा दिवस मी कर्ण होते. बढतीची यादी लागली, माझं नाव नव्हतं: सूतपुत्र! नवऱ्याने शेवटचा लाडू खाल्ला: कवचकुंडलं गेली! नाशिकचा फोन आला की पलीकडे साक्षात अर्जुन. "माझी नऊ झाली. तू?" त्या नवांत नातीची चित्रांची पुस्तकंही होती, हे मला नंतर कळलं. आठ पानांची. पाण्यात भिजत नाहीत अशी.

इथून मी बिघडले. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडून आकडा बघायचा. वाचनालयातल्या काकांना मी एकदा सरळ विचारलं, "पातळ पुस्तकं कुठल्या कपाटात असतात?" तीस वर्षं काउंटरवर बसलेला माणूस. चष्म्यावरून नुसतं बघितलं त्यांनी.

त्या कपाटातलं नव्हे, पण पातळच म्हणून विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आणलं. 1939 सालचं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर घरदार गमावलेले ज्यू, एक चक्रधर आणि एक हॅर्टा. दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं आणि वाचून झालंही दोन दिवसांत. पण नंतर आठ दिवस दुसरं काही उघडवेना. गाडीत नुसती खिडकीबाहेर बघत उभी राहायचे. मटारवाली म्हणाली, "अजून सावरला नाहीत का?" या वेळी मी खरं बोलले. म्हणाले, "नाही."

आणि बावन्नांच्या हिशेबात याचा गुण एकच! नेमाड्यांचं 'हिंदू' सहाशेच्या घरातलं, मी महिनाभर खांद्यावरून वाहिलं. त्याचाही एकच. आमच्या बँकेत रुपया आणि पैसा एकाच दराने जमा केला तर चौकशी बसेल. 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे त्याचं उपशीर्षक वाचून नवरा माळ्याकडे बघत म्हणाला, "आपल्याकडे नुसतीच आहे. समृद्ध नाही."

पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घेतलं आणि वेळापत्रकाचं पार वाटोळं झालं. मी हसायला लागले की सासूबाई आतून विचारायच्या, "काय गं?" मग मोठ्याने वाचून दाखवायचं. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक न सांगता कुठे निघून गेले की आई म्हणणार, "थांब, परत वाच." मग त्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगणार, त्या लक्ष्मीबाईंच्या गोष्टींपेक्षा लांब. सहा आठवडे गेले. एका पुस्तकाचे!

डिसेंबरअखेर माझी एकोणीस झाली होती. वहिनींचा फोन आला, "झाली बाई बावन्न. तू?" मी म्हणाले, "हिशेब करून सांगते," आणि कॅल्क्युलेटर काढला.

आई रोज ज्ञानेश्वरी वाचतात, मी भाजी निवडत ऐकते. संयुक्त खातं. अध्याय अठरा. एकोणीस नि अठरा सदतीस. 'मृत्युंजय' सहा जण सांगतात, म्हणजे आणखी पाच, बेचाळीस. 'हिंदू'ची 'रणांगण'च्या दराने पाच होतात, म्हणजे वरची चार, शेचाळीस. 'स्मृतिचित्रे' मुळात चार भागांत आलं होतं, आणखी तीन, एकोणपन्नास. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'चे दोन भाग तर मी लग्नापासून वाचतेय. एक्कावन्न.

"रेल्वेचं वेळापत्रक?" नवऱ्याने सुचवलं. ते मी ललित साहित्यात धरत नाही.

एकतीस तारखेला रात्री नऊला 'बनगरवाडी' घेऊन बसले. माडगूळकरांचं, पातळ, तीन तासांत होण्यासारखं. दोन ओळी झाल्या असतील, आई आतून म्हणाल्या, "मोठ्याने वाच."

बारा वाजता बाहेर फटाके सुटले तेव्हा मास्तर नुकता कुठे वाडीत पोचला होता आणि आई म्हणत होत्या, "केवढं चालला बिचारा. तो चालण्याचा भाग परत वाच बघू."