परदेशातून : 'बघतो' म्हणजे हो की नाही?

पुण्याच्या जुन्या ऑफिस-ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले, आणि दुसरीकडे सुप्रिया सुळेंचं ते बिल, ऑफिस सुटल्यावर फोन-मेल न उचलण्याच्या हक्काचं, २०१८ साली मांडलेलं आणि २०२५च्या डिसेंबरमध्ये परत मांडलेलं. निम्मा ग्रुप इकडे, निम्मा तिकडे. मी हिंजवडीत सहा वर्षं काढली, आता नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला सात होतील, आणि मला सारखं वाटतं की सगळे तास मोजतायत, पण मीटिंगमध्ये काय बोललं जातं आणि काय गिळलं जातं ते कोणी बघतच नाहीये.

हिंजवडीत रात्री अकरापर्यंत थांबायचो ते दर वेळी काम जास्त होतं म्हणून नाही. सोमवारी कॉलवर विचारायचे, "गुरुवारी होईल ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. आम्ही म्हणायचो, "हो सर, बघतो." आता आपल्यात लग्नाला यायचं 'बघतो' म्हणजे काय ते दोघांनाही कळतं आणि कोणाचं मनही मोडत नाही, पण ऑफिसात समोरचा ते 'हो' धरून एक्सेलमध्ये तारीख टाकतो, आणि मग बुधवारी रात्री सगळ्यांची पळापळ.

इथे पहिल्याच महिन्यात मी तेच केलं. टेस्टिंग कधी होईल विचारलं, मी म्हटलं ट्राय करतो. टीममधल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे हो की नाही?" मी म्हटलं नाही, डेटाच अजून आला नाहीये. त्यांनी बोर्डवरची पिवळी चिठ्ठी काढून पुढच्या मंगळवारी चिकटवली आणि म्हणाल्या, डेटा कोणाकडे अडलाय सांग, मी फोन करते. दोन मिनिटांत विषय संपला.

इथले लोक सांगतात की हे पाण्यामुळे आलं. देशाचा साधारण पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली, बांध सगळ्यांनी मिळून राखायचा, म्हणून सगळ्यांना बसून बोलावंच लागायचं. असेल. पण मला त्याहून मोठं कारण कायद्यात दिसतं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामगारांची निवडून आलेली समिती लागते, आणि पर्मनंट माणसाला काढायचं तर सरकारी संस्थेची परवानगी नाहीतर कोर्ट. 'नाही' म्हणणाऱ्याच्या पाठीशी एवढं असलं की तोंड उघडतं. आपल्याकडे अप्रेझल, ईएमआय आणि ९० दिवसांचा नोटिस पिरियड डोक्यावर असताना पोरांना 'स्पष्ट बोला' म्हणणं बरोबर नाही, म्हणून ते बिल मला हवंच आहे.

आणि इथलं सगळं उचलावं असंही मी म्हणत नाही. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा हिंजवडीतले जुने दोन मित्र रात्रभर हॉस्पिटलात बसले, सकाळी आईसाठी डबा घेऊन आले. इथे सहकाऱ्यांनी मनापासून धीर दिला आणि पुढचा मुद्दा घेतला. तो डबा मला कधीच सोडायचा नाहीये.

हल्ली पुण्याच्या टीमबरोबरचा कॉल मी घेतो. आधी सगळे म्यूटवर, आणि कॉल संपला की व्हॉट्सॲपवर एकेकाचं "सर, ते जरा अवघड आहे". मग मी प्रश्न बदलला. "गुरुवारी होईल ना?" ऐवजी "गुरुवारच्या आड काय येतंय?" असं विचारतो, सगळ्यात ज्युनियरला आधी बोलायला सांगतो, आणि नंतर गप्प बसतो, कितीही अवघड वाटलं तरी.

गेल्या महिन्यात नवीन आलेली एक मुलगी बोलली, "सर, गुरुवारी नाही होणार. सर्व्हरचा ॲक्सेस मागून तीन दिवस झाले." तिला संध्याकाळपर्यंत ॲक्सेस मिळाला, काम शुक्रवारी झालं, कोणी रात्री थांबलं नाही. पण तिच्या तिथल्या मॅनेजरचा मला फोन आला, म्हणाला, सगळ्यांसमोर बोलायच्या आधी तिने मला सांगायला पाहिजे होतं. मी त्याला विचारलं, तिने तुला मंगळवारी मेल केला होता तो वाचलास का? तो म्हणाला, बघतो.