मोजणी सरकारी, मग जेवण शेजाऱ्याकडं कशाला?

जमिनीची हद्द ठरवून घ्यायच्या म्हणजे ‘हद्द कायम’ मोजणीची फी भरली, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, तिसऱ्यांदा तारीख मिळाली आणि भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आले ते थेट शेजाऱ्याच्या गाडीतनं, दुपारचं जेवणपण त्याच्याच ओसरीवर. अहो साहेब, ज्याच्याशी वाद आहे त्याच्याच ताटात जेवून मग आमच्या बांधावर रोव्हर, म्हणजे उपग्रहावरनं मोजणारं मशीन, लावणार का? मशीन बरोबर दाखवत असेल हो, पण खुणेचा दगड कुठं रोवायचा ते माणूसच ठरवतो ना! वाद एका गुंठ्याचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, आईनं हातानं लावलेली शेवग्याची दोन झाडं आहेत तिथं. वर पेट्रोलचे म्हणून वेगळे पैसे मागितले, पावती विचारली तर तोंड वाकडं. आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी नक्कल? अजून पत्ता नाही.