बाप्तिस्मा झालाय ना? मग?

काळ वाईट आला की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या तोंडी 'आपली ओळख जपा' हे पालुपद येतं. उपदेशात तेच, ग्रुपवर तेच. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, तो जणू सभासदत्वाचं कार्ड, आपला कोण नि परका कोण हे ठरवायला सोयीचं. मला हे अजिबात पटत नाही.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं की सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा. केला की दाखला मिळायचा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. मजकूर साधारण ठरलेला: मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आत्ताही तुमच्यासमोर दिला, बळीचं मांस चाखलं, तरी तसं प्रमाणित करावं. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. (लाचेला कुठलाच काळ वर्ज्य नाही.) छळ ओसरल्यावर हीच माणसं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी आली. त्यांना प्रायश्चित्त सांगितलं, तेही कडक. पण पुन्हा बाप्तिस्मा दिला नाही. माणसाने कच खाल्ली म्हणून देवाने केलेलं रद्द होत नाही. घाबरलेल्या माणसाला याहून मोठा आधार कोणता?

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त बोचते. १७ डिसेंबर १९४१ रोजी नाझी जर्मनीतल्या सात प्रांतिक प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी जाहीर केलं की बाप्तिस्म्याने यहुद्याच्या वंशात काहीही बदल होत नाही. यहुदी वंशाच्या ख्रिस्ती सभासदांना त्यांनी मंडळीतून बाहेर काढलं. यहुदी म्हणून ओळखू यावं यासाठी त्यांना कपड्यांवर पिवळा तारा लावायची सक्ती सरकारने आधीच केली होती. म्हणजे बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांस पत्रात लिहितो की ख्रिस्तात यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक) हा भेदच नाही, आणि हे म्हणतात, आहे. ज्या यहुद्यांचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, त्यांच्या बाजूने बोलणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तेव्हा 'ओळख धोक्यात आहे' असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणापासून? सरकारच्या छळाने बाप्तिस्मा पुसला गेला नाही. त्याला कवडीमोल केलं ते चर्चच्याच नेत्यांनी, सही-शिक्क्यानिशी.

अनेक मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या उपासनेत सर्वांना विचारतात: या व्यक्तीला विश्वासात सांभाळाल का? आपण एका सुरात 'होय' म्हणतो, लक्ष अर्धं फोटोत. पण ती व्यक्ती उद्या निर्वासित असेल, किंवा भीतीपोटी विश्वास नाकारून परत आली असेल, तरी ते 'होय' आपण दिलेलंच आहे.