फोर्कचा प्रश्न ‘सी’चा की नाही?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सी या प्रोग्रामिंग भाषेबद्दल विचारणाऱ्यांना ‘हा सीचा प्रश्नच नाही’ म्हणत मी वाटेला लावतो, पण सीची हद्द कुठे संपते ते सांगत नाही; शिवाय मी स्वतः मात्र बिनदिक्कत स्टॅकबद्दल (फंक्शनची व्हेरिएबल्स मेमरीत सहसा जिथे ठेवतात त्या जागेबद्दल) लिहितो, ज्याचं सीच्या मानकाला, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांना, काही देणंघेणं नाही.

स्टॅकचा टोला बरोबर बसला. मानक ‘ऑटोमॅटिक’ (फंक्शनच्या आतलं, तात्पुरतं) व्हेरिएबल किती काळ जगतं तेवढं सांगतं. ते मेमरीत कुठे ठेवायचं हे कंपायलरवर सोडतं. ती सूट मी स्वतःला घेतली आणि डिरेक्टरीतल्या फायलींची यादी कशी काढायची असं विचारणाऱ्याला नाकारली. दुटप्पीपणाच झाला.

पण ‘सगळ्या मशिनांवर सारखं चालेल तेवढंच सी’ ही तुम्ही सुचवलेली हद्द पटत नाही. मग इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, केवढा, हा प्रश्नही बाहेर जाईल. त्याचं उत्तर मशिनगणिक बदलतं खरं, पण मानक त्याला वाऱ्यावर सोडत नाही: किमान ३२७६७ पर्यंतचा आकडा मावलाच पाहिजे आणि नेमका आकार कंपायलरवाल्याने लिहून द्यायचा. साधा कॅर (अक्षर ठेवायचा प्रकार) साइन्ड की अनसाइन्ड, म्हणजे त्यात ऋण आकडे मावतात की नाही, तेही तसंच. उत्तर कोणी द्यायचं, एवढंच मी बघतो. फोर्कचं (चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, प्रत काढणारं फंक्शन) पॉसिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टमच्या मानकाने; सीएलआरएससीआरचं (पडदा पुसणारं फंक्शन) टर्बो सी या कंपायलरच्या कोनिओ लायब्ररीने.

हीही रेघ दर वेळी सरळ जात नाही. तुमचंच उदाहरण घ्या: फोर्कच्या आधी एकदाच प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन), तरी मजकूर दोनदा. शेवटी न्यूलाइन असेल तर पडद्यावर एकदाच दिसतो; आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पुन्हा दोनदा. छापायचा मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जमतो. पडद्याकडे जाणारा बफर सहसा ओळ संपली की रिकामा होतो, फाइलकडे जाणारा भरेपर्यंत थांबतो. फोर्कने प्रोसेसची प्रत काढली की तुंबलेल्या बफरचीही निघते, आणि शेवटी दोघंही आपापला ओततात. बफर सीचा, प्रत पॉसिक्सची. मी मात्र फोर्क दिसल्याबरोबर ‘बाहेर’ म्हणून मोकळा झालो. फोर्कआधी एफफ्लश करा, म्हणजे बफर रिकामा करा, हे अस्सल सीमधलं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

(गेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनची आणखी गंमत. १९८९च्या मानकात होतं, २०११मध्ये काढून टाकलं. त्याबद्दलचा प्रश्न सीचा का? मी हो म्हणेन, पण कुठल्या सालचा सी ते विचारून.)

नवख्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय. उत्तर कोणाकडे आहे हे ठाऊक असतं तर ते तिकडेच गेले असते. त्या डिरेक्टरीवाल्यांना आता कळवलंय: पॉसिक्सवर ओपनडिर आणि रीडडिर, विंडोजवर फाइंडफर्स्टफाइल. दोन्ही लिहावं लागलं, कारण त्यांची सिस्टम कोणती हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं.