फुकटचा सल्ला हवाय? मग तिंट्यावर जा

गोव्यात तुम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, आणि जमीनमालकाची, म्हणजे भाटकाराची, नोटीस आली? घाबरू नका, आणि ती वाचूही नका. उत्तराची मुदत कळली की उगाच झोप उडते. घडी घालून खिशात ठेवा आणि तडक तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, जा. तिथे चहाबरोबर पहिला सल्ला मिळेल, ‘मुंडकाराला हात लावायची कोणाची टाप आहे?’ दुसरा शपथेवर सांगेल की १९७५ चा मुंडकार कायदा केव्हाच रद्द झाला. दोघांचंही पटवून घ्या. चहा-भज्यांचे पैसे अर्थात तुमचे. मुंडकार म्हणून मामलेदाराच्या नोंदवहीत तुमचं नाव आहे का, असं विचारणारा कोणी भेटलाच तर त्याच्यापासून दूर बसा.

वारसाहक्काचं प्रकरण लग्नासाठी राखून ठेवा. मांडवात वकील दिसला, हातात ताट आहे आणि पळायला वाट नाही, अशी वेळ साधा. ‘लहानसाच प्रश्न होता’ म्हणत आजोबांच्या इन्व्हेंटरीपासून, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या प्रकरणापासून, सुरुवात करा. सोलकढी येईपर्यंत पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेपर्यंत पोचता येतं. ‘सोमवारी ऑफिसात या’ म्हणाला तर जाऊ नका. तिथे फी असते.

पण विधी सेवा प्राधिकरणाच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. १९८७ च्या कायद्याने तिथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, या कोणालाच उत्पन्नाची अट नाही. म्हणजे घर आईच्या नावावर असेल तर तिला घराबाहेरच पडू देऊ नका, नाहीतर ती थेट तालुका समितीत जाऊन अर्ज करायची! १५१०० ही हेल्पलाइनही विसरा. पाच आकडे कोण लक्षात ठेवणार? शिवाय फुकटचा वकील तो काय लायकीचा असणार, ही शंका हवीच. (तिंट्यावरच्यांनी किती फी घेतली, हे इथे विचारू नये.)

लोकअदालत तर त्याहून धोक्याची. शेजाऱ्याबरोबरचा कुंपणाचा दावा तिथे तडजोडीने मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि वर अपीलही नाही. मग पोरांसाठी मागे ठेवणार काय?