गांजाचे दुकान कोणाच्या नावावर?

गेले काही आठवडे ठाण्याहून एकच वाद माझ्यापर्यंत पोहोचतो आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी कॅनडाचीच साक्ष काढली जाते, म्हणून हे लिहिणे भाग पडले. घोडबंदर रोडला राहणारा माझा मावसभाऊ सनदी लेखापाल आहे. त्याचे म्हणणे असे की उत्तराखंडाने 2018मध्ये औद्योगिक भांगेच्या (धागा आणि बियांसाठी पिकवल्या जाणाऱ्या) लागवडीला परवाने दिले, हिमाचलच्या विधानसभेने 2024मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला, तेव्हा महाराष्ट्राने आणखी पुढे जाऊन गांजाची विक्रीच खुली करावी; कॅनडाने तेच केले आणि सरकारची तिजोरी भरली, माफिया संपला, शेतकरी सुखी झाला. नौपाड्याचे आमचे काका त्याला उत्तर देतात की कॅनडाची तरुण पिढी तेव्हापासूनच वाया गेली, आणि मला सांगतात की मुलांना घेऊन वेळेत परत ये. मी अनेक वर्षे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मिसिसागा शहरात राहते आहे. या दोघांच्या कॅनडाशी माझी ओळख नाही.

17 ऑक्टोबर 2018 रोजी गांजा खुला करणारा कायदा कॅनडात देशभर लागू झाला, पण त्या दिवशी ऑन्टॅरिओत एकही दुकान नव्हते; सरकारी संकेतस्थळावरून टपालाने माल मागवावा लागे. पहिली खाजगी दुकाने एप्रिल 2019मध्ये आली, तीही संपूर्ण प्रांतासाठी 25 आणि चिठ्ठ्या टाकून. आमच्या शहराने तर आधी स्पष्ट नकार दिला होता. त्या काळात लोक सरळ शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात जाऊन घेऊन येत. एप्रिल 2023मध्ये आमच्या नगर परिषदेने होकार दिला आणि मग दुकाने भराभर उघडली, कारण एकदा होकार दिल्यावर किती दुकाने आणि कोणत्या रस्त्यावर, हे ठरवण्याचा अधिकार शहराकडे उरत नाही. शाळेपासून 150 मीटरचे अंतर पाळले म्हणजे झाले. आमच्या प्लाझामध्ये दंतवैद्य आणि टॅक्स भरून देणाऱ्याच्या मधल्या गाळ्यात असे एक दुकान आहे. शेजारच्या पोर्तुगीज आजी गुडघेदुखीसाठी तिथून तेल आणतात आणि बर्फाच्या दिवसांत मी त्यांना सोबत करते. सत्तरी उलटलेल्या त्या बाईकडेही दारातला मुलगा ओळखपत्र मागतो. डबीवर लाल अष्टकोनी चिन्ह, पिवळ्या पट्टीत आरोग्याचा इशारा, प्रांताच्या रंगाचा अबकारी शिक्का आणि लहान मुलांना उघडता येऊ नये असे झाकण असते. ते झाकण आजींनाही उघडत नाही, मीच उघडून देते. नियम लिहिला की तो दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, हे मी इथे रोज पाहते आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

आता तिजोरीची गोष्ट. माझ्या भावाला आकडे आवडतात, म्हणून त्याने ऑन्टॅरिओतल्याच स्मिथ्स फॉल्स या गावाचा हिशेब जरूर पाहावा. तिथला हर्शीचा चॉकलेट कारखाना बंद पडल्यावर त्याच इमारतीत कॅनोपी ग्रोथ या कंपनीने गांजाचे उत्पादन सुरू केले. 2018च्या ऑगस्टमध्ये कॉन्स्टेलेशन या मद्य कंपनीने तिच्यात सुमारे 5 अब्ज कॅनेडियन डॉलर घालण्याचे जाहीर केले. ओस पडलेले गाव पुन्हा उभे राहिले म्हणून सगळीकडे कौतुक झाले. 2023च्या फेब्रुवारीत कंपनीने तो कारखाना बंद करून सुमारे 800 नोकऱ्या कमी केल्या, आणि पुढे ती इमारत हर्शीनेच परत विकत घेतली. गांजाला गिऱ्हाईक नव्हते, असे मुळीच नाही. प्रत्येक कंपनीने सगळी बाजारपेठ आपलीच आहे असे धरून काचघरे उभारली, माल साठला आणि भाव कोसळले. कर मात्र दर ग्रॅमला एक डॉलर किंवा दहा टक्के, यांतला जो अधिक असेल तो, असा ठरला होता. ग्रॅमला दहा डॉलर भाव असताना तो दहा टक्के होता. किरकोळ भाव तीन-चार डॉलरवर आला तेव्हा उत्पादकाच्या हाती पडणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा करात जाऊ लागला आणि कित्येक कंपन्यांचा कर थकला. सरकारला महसूल मिळतो, हे खरे आहे. पण तो कोणाला बुडवून मिळतो, हेही सनदी लेखापालाने सांगितले पाहिजे.

आणि फायदा कोणाचा झाला? टोरोंटोचे माजी पोलीसप्रमुख ज्युलियन फँटिनो एकेकाळी कायदेशीर गांजाचे कडवे विरोधक होते. 2017 साली त्यांनी स्वतःच वैद्यकीय गांजाची कंपनी काढली. याउलट, गांजा बाळगल्याचा जुना गुन्हा नावावर असलेल्यांसाठी 2019मध्ये विनाशुल्क माफीची सोय झाली, पण ती पदरात पडली काही शेकडा लोकांच्या.

ठाण्यात बसून वाद घालणाऱ्यांनी या प्रश्नापर्यंत यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण आपल्याकडचा बाजार कसा घडेल ते यातूनच कळते. महाराष्ट्रात दारूच्या किरकोळ विक्रीचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून जवळजवळ थांबलेले आहेत. त्यामुळे जुना परवाना हीच मालमत्ता झाली आहे आणि ती कोणाच्या हाती फिरते, हे ठाणेकराला बाहेरून कोणी सांगायला नको. गांजाचे परवाने त्याच खात्यातून, त्याच पद्धतीने निघाले तर दुकानेही त्याच घरांत जातील. शिरपूर तालुक्यात कापसा-तुरीच्या आडून गांजा लावला म्हणून ज्याच्यावर आज गुन्हा दाखल होतो, त्या आदिवासी शेतकऱ्याला लागवडीचा परवाना मिळेल का? ठाण्या-मुंबईत पकडला जाणारा बराचसा माल आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांतून येतो. तिथला पिकवणारा कायदेशीर बाजारात कुठे बसेल? कंपनीची काचघरे नाशिकच्या महामार्गावर उभी राहतील आणि डोंगरातला माणूस तुरुंगातच राहील, ही शक्यता माझ्या भावाच्या हिशेबात कुठेच नाही.

हा विचार आपल्याला परका आहे, असेही नाही. इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने 1893-94मध्ये देशभर साक्षी घेऊन गांजावर सरसकट बंदी नको, लागवड मर्यादित ठेवून परवाने आणि कर यांनी त्याला आवर घालावा, असा अहवाल दिला होता. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस गुन्ह्यात आले, भांगेची पाने मात्र राज्यांकडे राहिली, म्हणूनच उत्तर प्रदेशात भांगेचे सरकारी परवान्याचे ठेके चालतात. थायलंडने 2022च्या जूनमध्ये नियम तयार नसताना दार उघडले आणि तीनच वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती करून ते पुन्हा लोटून घेतले. आधी नियम आणि मग दुकान, हा क्रम सोडला की असे होते.

काकांनाही उत्तर द्यायचे आहे. ठाण्यातल्या उपवनच्या कट्ट्यावर आणि येऊरच्या वाटेवर गांजाचा वास मी कॉलेजात असताना ओळखायला शिकले, कॅनडात नव्हे. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, 19 पूर्ण होईपर्यंत त्याला प्लाझातल्या त्या गाळ्यात पाऊल टाकता येणार नाही. ठाण्यातल्या त्याच्या वयाच्या मुलाला ओळखपत्र कोण विचारतो? काकांच्या भीतीत तथ्य आहे ते दुसऱ्याच जागी. गांजा घातलेली चॉकलेटे आणि गोळ्या बाजारात आल्यावर ती चुकून खाल्लेली लहान मुले रुग्णालयात येण्याचे प्रमाण इथे वाढले, आणि क्वेबेक प्रांताने असे गोड पदार्थ विक्रीलाच येऊ दिले नाहीत म्हणून तिथे ते तितके वाढले नाही. पिढी वाया गेल्याची आरोळी ठोकण्यापेक्षा या एका नियमाचा आग्रह काकांनी धरला, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

मी उभी राहीन असे लिहिते खरे, पण ठाण्याच्या मतदारयादीत माझे नाव नाही. 2023मध्ये आमच्या नगर परिषदेत हा विषय आला तेव्हा कोणालाही जाऊन बोलता येत होते; मी गेले नाही, आणि ज्या शहरात मत देता येत नाही तिथल्या दुकानांबद्दल मात्र मला रात्री झोप लागत नाही. मिसिसागाचे काय होईल याची मला चिंता वाटत नाही, कारण ते माझ्यावाचूनही चालते. ठाणे माझ्यावाचून चालते, हे मला अजून मान्य करता येत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती भावाने आपल्या आमदारापर्यंत न्यावी. दारूचे दुकान महिलांच्या मतदानाने बंद करण्याची, बाटली आडवी करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि खारघरच्या रहिवाशांनी दारूच्या परवान्याविरुद्ध रस्त्यावर उतरून दाखवले आहे. गांजाच्या बाबतीत हे मतदान दुकान उघडण्याआधी व्हावे, प्रभागात किती दुकाने असावीत हेही त्यातच ठरावे, आणि हा अधिकार मिसिसागासारखा एका होकारात संपून जाऊ नये.