क्रूझवरचा कॅसिनो ‘करमुक्त’ आणि ‘हमखास’? त्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, सहलीच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून तर त्याला जास्तच जोर आला. त्यातले दावे थोडक्यात असे: क्रूझ किनाऱ्यापासून बारा सागरी मैल लांब गेली की कुठलाच कायदा लागू होत नाही. तिथे जिंकलेल्या पैशांवर कर नाही. पहिल्या रात्री स्लॉट मशीन (पैसे टाकून खेळायची जुगाराची मशीन) ‘ढिली’, म्हणजे जास्त पैसे देणारी, सोडलेली असतात. रुलेट या फिरत्या चाकाच्या खेळात लाल-काळ्यावर हरलं की दुप्पट लावत गेलं तर हार अशक्य. आणि खेळणाऱ्याला पुढची क्रूझ फुकट मिळते, म्हणजे सहलीचा खर्च वसूल. शिवाय हे सगळं जगभर सरकारमान्य आहे. शेवटी कुणाचे तरी काका भरपूर जिंकून आल्याची गोष्ट.

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर पहिल्यांदाच जाणारी मराठी कुटुंबं आता खूप आहेत. त्यांत नुकतेच निवृत्त झालेले, हातात फंडाचे पैसे आलेले लोकही असतात. मेसेज त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि तोही घरच्याच माणसाकडून, म्हणून विश्वास बसतो. त्यासाठी हे सविस्तर उत्तर.

पहिला दावा कायद्याचा. बारा सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. तिथे देशाचा प्रादेशिक समुद्र संपतो, एवढं खरं आहे. जहाज बंदराला लागलेलं असताना कॅसिनो बंद असतो आणि खोल समुद्रात गेल्यावर उघडतो, तो याचमुळे. पण राज्याचा जुगारबंदीचा कायदा मागे राहिला म्हणजे सगळेच कायदे किनाऱ्यावर राहिले असं होत नाही. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्या देशाचा कायदा जहाजावर चालतो. क्रूझ जहाजांच्या बाबतीत हा देश बहुतेक वेळा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा असतो. शिवाय भारतीय नागरिकाने भारताबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही आपला फौजदारी कायदा लागू होतो. पूर्वी इंडियन पीनल कोडमध्ये ही तरतूद होती, आता भारतीय न्याय संहितेत आहे.

मेसेजमध्ये ‘कायदा नाही’ हे खेळणाऱ्याच्या फायद्याचं म्हणून सांगितलंय, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. फायदा नेमका कुणाचा? अमेरिकेत नेवाडा राज्यात स्लॉट मशीनने लावलेल्या पैशांपैकी दीर्घकाळात निदान ७५ टक्के परत दिले पाहिजेत असा नियम आहे. न्यू जर्सीत हीच मर्यादा ८३ टक्के. खोल समुद्रात असा नियम घालणारं कुठलंही राज्य नाही. डीलरने, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्याने, हिशेब चुकवला, मशीन मध्येच अडकलं, तर दाद मागायची कुणाकडे? तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरात बहुधा परदेशातल्या एखाद्या कोर्टाचं नाव असतं. नागपूरचा माणूस वीस हजारांच्या तक्रारीसाठी तिथे जाणार आहे का?

इथे गोव्याचा घोळही निस्तरायला हवा, कारण मेसेजमध्ये मांडवीतल्या बोटी आणि क्रूझ एकाच दमात येतात. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी गोव्याच्या १९७६च्या जुगार कायद्यात नंतर घातलेल्या कलमाखाली, राज्य सरकारच्या परवान्यावर चालतात. त्या नदीत आहेत, भारतात आहेत. तिथे पोलीस आहेत आणि करही आहे. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेताना भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये ‘फुकट’ मिळणाऱ्या ओटीपी चिप्स, म्हणजे वन टाइम प्ले, फक्त लावता येतात. काउंटरवर देऊन त्यांचे पैसे मिळत नाहीत. आणि महाराष्ट्रात? १९७६चा कॅसिनो कायदा कागदावरच राहिला, कधी अमलात आला नाही, आणि २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला.

दुसरा दावा: जिंकलेल्या पैशांवर कर नाही. साफ चूक. तुम्ही आयकराच्या दृष्टीने भारताचे रहिवासी असाल तर जगात कुठेही झालेलं उत्पन्न इथे करपात्र आहे, मग ते समुद्रात का होईना. लॉटरी, पत्ते, जुगार यांतल्या कमाईवर सरळ ३० टक्के दर आहे. वर ४ टक्के उपकर धरला की ३१.२ टक्के. बाकीचं उत्पन्न कमी असलं तरी दर तोच, आणि त्या कमाईसाठी झालेला खर्च वजा होत नाही. हरलेले पैसे जिंकलेल्यातून वळते करून घेता येत नाहीत, हे बहुतेकांना माहीतच नसतं. समजा सोमवारी रात्री ८० हजार जिंकले, बुधवारी ८० हजार घालवले. खिशात शून्य. कायद्याच्या हिशेबात मात्र सोमवारचे ८० हजार हे उत्पन्न, आणि त्यावरचा कर २४,९६० रुपये. ‘कोण बघतंय’ हे उत्तर नाही. विवरणपत्रावर सही तुमची असते.

आता दुप्पट लावायची युक्ती. हा मेसेजचा गाभा आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, कारण कागदावर ती खरोखर बिनचूक दिसते. लालवर ५०० लावा. हरलात तर १,०००, मग २,०००, असं दुप्पट करत जा. कधी ना कधी लाल येणारच, आणि आलं की आधीचं सगळं भरून निघून ५०० वर.

आधी चाक नीट बघा. लाल १८ घरं, काळी १८, पण त्यांच्याशिवाय हिरवं शून्यही असतं. युरोपी चाकात एक शून्य, एकूण ३७ घरं. अमेरिकी चाकात शून्य आणि दुहेरी शून्य मिळून ३८. अनेक जहाजांवर हे दुसरं चाक असतं, काही कॅसिनोंत तर तीन शून्यांचंही आलंय. एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या पैशांतून सरासरी त्याच्याकडे राहणारा भाग, २.७० टक्के, दोन शून्यांच्या ५.२६, तीनच्या ७.६९. म्हणजे दोन शून्यांच्या चाकावर लाल यायची शक्यता ३८पैकी १८. ‘पन्नास-पन्नास’ हा शब्दच खोटा.

मग टेबलावरची पाटी वाचा. डीलरच्या बाजूला उभी असलेली ती छोटी पाटी कुणी वाचत नाही. तिच्यावर किमान आणि कमाल रक्कम लिहिलेली असते. समजा किमान ५०० आणि कमाल २५,०००. दुप्पट करत गेलात तर ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००. सातव्या वेळी ३२,००० लावायला हवेत, पण टेबल ते घेत नाही. तोपर्यंत ३१,५०० रुपये गेलेले असतात आणि युक्ती तिथेच संपते. कमाल मर्यादा लावण्यामागे हाही एक हिशेब असतो.

लागोपाठ सहा वेळा हरणं किती दुर्मीळ? ५००पासून सुरू करून लाल येईपर्यंत किंवा सहाव्यांदा हरेपर्यंतच्या खेळाला एक माळ म्हणू. दोन शून्यांच्या चाकावर अशा ४७ माळांपैकी एकीत सहाही वेळा हार होते. बाकीच्या ४६ वेळा प्रत्येकी ५०० मिळतात, म्हणजे २३,०००. एकदा ३१,५०० जातात. वजाबाकी तुम्हीच करा.

तरीही काका जिंकून आले, ही गोष्ट खोटी असेलच असं नाही. माझ्या मते मेसेजची सगळी ताकद तिच्यात आहे, म्हणून तिचंही गणित मांडतो. एका संध्याकाळी दीड-दोन तासांत अशा तीसेक माळा खेळून होतात. त्या तीसही सुखरूप पार पडायची शक्यता साधारण ५२ टक्के. म्हणजे शंभर जण ही युक्ती घेऊन बसले तर बावन्न-त्रेपन्न जण प्रत्येकी १५,००० जिंकून उठतील, आणि उरलेल्यांना कधी ना कधी ३१,५००चा फटका बसेल. जिंकलेले निम्म्याहून जास्त! ते घरी येऊन सांगतात, ग्रुपवर लिहितात. हरलेले काय लिहितात? ‘क्रूझ मस्त होती, जेवण छान होतं.’ आणि त्या बावन्नांतले जे ‘युक्ती चालते’ म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या रात्री परत बसतात, त्यांतले निम्मे-निम्मे दर रात्री गळतात. मेसेज लिहिणारा खोटारडा असायची गरजच नाही. त्याने फक्त बोलणाऱ्यांचं ऐकलेलं असतं.

पहिल्या रात्री मशीन ढिली असतात, या दाव्याला फार वेळ द्यायला नको. स्लॉट मशीनमध्ये प्रत्येक फेरीचा निकाल यादृच्छिक आकड्यावर ठरतो. मागच्या फेरीची आठवण मशीनला नसते. ‘बराच वेळ दिलं नाही, आता देईल’ हेही तितकंच निराधार. पत्त्यांवर नजर ठेवून ब्लॅकजॅक हा २१ आकड्यांचा पत्त्यांचा खेळ जिंकता येतो म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात: पत्ते सतत पिसणारं यंत्र टेबलावर आहे का, आणि ‘ब्लॅकजॅक’ला, म्हणजे पहिल्या दोन पानांतच २१ झाले तर, २ला ३ मिळतात की ५ला ६. ५ला ६ची पाटी असेल तर त्या एका फरकानेच कॅसिनोचा वाटा साधारण १.४ टक्क्यांनी वाढतो. अंदर-बाहर या पत्त्यांच्या खेळातही, जिथे अंदरला पहिलं पान पडतं आणि दहाला नऊच मिळतात, तिथे अंदरवर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आणि बाहरवर ३ टक्के वाटा कॅसिनोचाच.

‘पुढची क्रूझ फुकट’ हे मात्र घडतं, आणि कसं घडतं ते कळायला हवं. जहाजावर खोलीची किल्ली, जेवणाची नोंद आणि कॅसिनोचं खातं एकाच कार्डावर असतं. तुम्ही टेबलाला बसलात की सरासरी किती लावता, किती वेळ बसता, कुठला खेळ खेळता, याची नोंद होते. समजा दर हाताला, म्हणजे डावाला, १,०००, तासाला ६० हात, रोज तीन तास, चार रात्री. ७२० हात झाले, ७ लाख २० हजारांची उलाढाल. कॅसिनोचा वाटा २ टक्के धरला तर तुमच्याकडून अपेक्षित कमाई १४,४०० रुपये. या अपेक्षित कमाईचा एक हिस्सा सवलत म्हणून तुम्हाला परत देतात, जेणेकरून तुम्ही पुन्हा याल. तुम्ही त्या वेळी प्रत्यक्षात जिंकलात की हरलात याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. फुकट क्रूझ मिळाली याचा अर्थ एवढाच, की तुमच्याकडून किती मिळणार याचा हिशेब जहाजाने मांडलेला आहे.

त्याच कार्डाची दुसरी बाजू मेसेजमध्ये नाही. रोख संपली की कार्डावर चिप्स मिळतात, रक्कम खोलीच्या बिलात चढते. बऱ्याच जहाजांवर या सोयीला साधारण ३ ते ५ टक्के शुल्क असतं. २० हजारांच्या चिप्सवर ५ टक्के म्हणजे १,००० रुपये, चाक फिरायच्या आधीच. दोन शून्यांच्या चाकावर ते सगळे पैसे एकदा लावले तर सरासरी जेवढा तोटा व्हावा, जवळपास तेवढाच. परक्या चलनात बिल असेल तर आकडा लहान दिसतो, आणि बँकेचं रूपांतर शुल्क आणखी वेगळं. परकीय चलनाच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स वगैरेंसाठी पैसे बाहेर पाठवायला मनाई आहे, तेव्हा सहलीसाठी भरलेलं फॉरेक्स कार्ड कॅसिनोत चालेलच असं गृहीत धरू नये.

उतरायच्या दिवशी सकाळी रिसेप्शनसमोर रांग लागते. एका ओळखीच्या कुटुंबाच्या बिलात वायफाय, दोन कॉफ्या, किनाऱ्यावरची सहल अशा ओळींच्या मध्ये रोज रात्री साडेअकरा-बाराच्या दोन-दोन नोंदी होत्या, आणि प्रत्येकीखाली शुल्काची वेगळी ओळ. मुलगी बिलावर बोट ठेवून विचारत होती, ‘बाबा, हे काय आहे?’ बाबा बॅगांकडे बघत होते. त्या माणसाने आयुष्यात रमीशिवाय काही खेळलेलं नव्हतं. हा मेसेज त्यांच्याही फोनमध्ये होता.

चिडून लिहिलंय असं वाटेल, पण खेळूच नका असं माझं म्हणणं नाही. नाटकाच्या तिकिटासारखी रक्कम आधी बाजूला काढली, ती गेलेली धरली आणि तासभर मजा केली तर त्यात कुणाचं बिघडत नाही. मेसेज त्याला कमाई म्हणतो, खर्च वसूल म्हणतो, आक्षेप तिथे आहे.

शेवटचा दावा असा, की जगभर सरकारमान्य आहे, मग भीती कसली? सरकारमान्य आहे, पण कुणासाठी? गोव्याने १ फेब्रुवारी २०२०पासून स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली, पर्यटकांना मोकळीक ठेवली. नेपाळमध्ये नेपाळी नागरिकांना कॅसिनोत प्रवेश नाही. सिंगापूरमध्ये परदेशी माणूस पासपोर्ट दाखवून आत जातो, तिथल्या नागरिकाला मात्र २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, आणि घरच्यांनी अर्ज केला तर त्याचा प्रवेश बंदही होतो. बहामात तिथल्या नागरिकांना कॅसिनोत जुगार खेळता येत नाही. कितीतरी क्रूझ जहाजांच्या मागच्या टोकाला झेंडा असतो तो याच बहामाचा.

घरातलं ज्येष्ठ कुणी क्रूझला निघालं असेल तर त्यांच्याशी हे आकड्यांसकट बोला. चढल्या दिवशीच रिसेप्शनवर दोन गोष्टी विचारायला सांगा: कार्डावर कॅसिनोची उधारी बंद करून मिळते का, आणि रोजच्या रोज बिल बघायला मिळतं का.